उपजत म्हणजे अटळ नव्हे

दहावीचा निकाल लागला की घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून खारघरच्या सेक्टरांपर्यंत एक जुना वाद दरवर्षी नव्याने पेटतो. पंच्याण्णव टक्के मिळवणाऱ्या मुलीचे आईवडील डॉक्टर असले की एक गट म्हणतो, खाण तशी माती, हुशारी रक्तातच असावी लागते. घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाने नव्वदी गाठली की दुसरा गट म्हणतो, बघा, मेहनत आणि संस्कार असले की काहीही होतं. दोघांकडे उदाहरणं तयार असतात आणि एकाचं उदाहरण दुसऱ्याला कधीच पटत नाही. आता तर या वादावर दुकानंही थाटली गेली आहेत. एकीकडे दहा बोटांचे ठसे किंवा थुंकीचा नमुना घेऊन मुलाची ‘उपजत बुद्धिमत्ता’ सांगणारे रंगीत अहवाल, दुसरीकडे गर्भसंस्काराचे वर्ग आणि सहावीपासूनच आयआयटीचं ‘फाउंडेशन’. पहिल्या दुकानात मुलात काय आहे ते विकतात, दुसऱ्यात काय घालता येईल ते.

माहिती कमी आहे म्हणून हा वाद अडलेला नाही. दोन्ही गटांनी न बोलता एक गोष्ट मान्य करून टाकली आहे: जे जन्मतः आलं ते बदलत नाही, आणि जे परिस्थितीने घडलं ते हवं तेव्हा बदलता येतं. ही समजूतच चुकीची आहे. पूर्णपणे जनुकीय असलेल्या आजाराची हानी ताटातलं अन्न बदलून टाळता येते, आणि निव्वळ परिस्थितीने झालेलं नुकसान जन्मभर पुरतं भरून येत नाही. ‘किती टक्के रक्तात, किती टक्के संस्कारात’ या प्रश्नाचं अगदी अचूक उत्तर हाती आलं, तरी पालकाने, शिक्षकाने किंवा महापालिकेने उद्या सकाळी काय करायचं हे त्यातून कळत नाही.

आधी आनुवंशिकतेच्या बाजूचं खरं ते मान्य करू, कारण सुशिक्षित घरांत त्याची टाळाटाळ फार होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. १९९० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की बुद्ध्यांकातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो. त्यावर टीका झाली. ही जुळी वाढली ती घरं फारशी वेगळी नव्हती, नमुना लहान होता, आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या जुळ्यांच्या आकडेवारीवर बनावटपणाचे आरोप झाल्यापासून या क्षेत्राकडे संशयाने पाहिलंच जात होतं. पण पुढच्या असंख्य अभ्यासांत दिशा तीच राहिली. बुद्धी, स्वभाव, नैराश्याकडे असलेला कल, जवळजवळ प्रत्येक गुणात जनुकांचा काही ना काही वाटा सापडतो. त्याहून अवघड जाणारी गोष्ट म्हणजे एकाच घरात वाढल्यामुळे भावंडांच्या स्वभावात जे साम्य यायला हवं, ते मोठेपणीच्या चाचण्यांत जवळपास सापडतच नाही. ‘आम्ही घडवलं’ असं छाती फुगवून सांगणाऱ्या आईवडिलांनी हे एकदा शांतपणे वाचायला हवं.

आणि हे नाकारण्याची किंमत कोणी मोजली? विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइमसारखे लोक सांगत होते की मूल स्वमग्न होतं ते आईच्या थंड, मायाशून्य वागण्यामुळे. एका पिढीतल्या आयांनी तो आरोप उराशी बाळगला. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकसारख्या, म्हणजे जनुकं एकच असलेल्या जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाले, १० असमान जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. नमुना छोटा होता, पण आईवरचा आरोप तिथूनच ढासळायला लागला. आपल्याकडे तो अजून पुरता ढासळलेला नाही. मुलाला स्वमग्नतेचं निदान झालं की सून नोकरी करते, तिनेच मोबाइल हातात दिला, असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला ‘आळशी आहे, लक्ष देत नाही’ म्हणून मार बसतो तोही याच विचारातून. सगळं मेहनतीवर असेल तर जमत नाही तो कामचोरच ठरणार. संस्कारवाद्यांना आपली बाजू दयाळू वाटते. या मुलाच्या जागी उभं राहिलं तर ती तशी वाटत नाही.

मग जनुकवादी जिंकले का? इथे त्या टक्क्यांचा अर्थ नीट पाहायला हवा. उंची ८० टक्के आनुवंशिक आहे म्हणजे तुमच्या १७० सेंटिमीटरपैकी १३६ आईबापांनी दिले आणि ३४ दूध-भाकरीने, असं नव्हे. एका विशिष्ट लोकसमूहात, एका विशिष्ट काळी, माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. एकट्या माणसाला तो लागूच पडत नाही. शहापूर-मुरबाडकडच्या भातशेतीचं उदाहरण घ्या. गावठी, सरमिसळ बियाण्याच्या एकाच पोत्यातून दोन मुठी काढा. एक मूठ पाणी-खत असलेल्या खाचरात पेरा, दुसरी माळावरच्या मुरमाड तुकड्यात. खाचरातल्या रोपांना सगळं सारखं मिळालं आहे, म्हणून त्यांच्यातला उंचीचा फरक बियाण्याचा. मुरमाड तुकड्यातही तसंच. दोन्हीकडे आनुवंशिकता शंभर टक्के. आणि तरीही खाचरातलं भात कमरेला आणि माळावरचं गुडघ्याला लागतं, तो फरक पूर्णपणे जमिनीचा. हा दाखला अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये दिला होता. भात तेवढा आपला. गटाच्या आतला आकडा उचलून दोन गटांमधल्या फरकाला चिकटवायचा, ही चूक तेव्हापासून किमान पन्नास वर्षं दाखवून दिली जाते आहे आणि तेवढीच वर्षं केलीही जाते आहे.

माणसांत हे घडल्याचा पुरावा आहे. १८९६ मध्ये जन्मलेल्या आणि १९९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियन स्त्रियांच्या सरासरी उंचीत सुमारे २० सेंटिमीटरचा फरक पडला. शंभर वर्षांत जनुकं एवढी बदलत नाहीत. अन्न, स्वच्छ पाणी आणि बालपणातली आजारपणं बदलली. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यांवरचं मूल आणि डोंगराच्या पायथ्याशी टॉवरमध्ये वाढणारं मूल यांच्या उंचीची तुलना करताना ‘त्यांची चणच लहान’ म्हणणारा माणूस मुरमाड जमिनीकडे पाहायला तयार नसतो. यात एक बारीक फसगत डॉक्टरांच्या टेबलावरही होते. मुलाची अपेक्षित उंची काढताना आईवडिलांच्या उंचीची बेरीज करतात, मुलगा असेल तर १३ सेंटिमीटर मिळवतात, मुलगी असेल तर वजा करतात आणि दोनाने भागतात. सूत्र उपयोगी आहे. पण आईवडीलच लहानपणी अर्धपोटी वाढले असतील तर सूत्रात त्यांची भूकही बेरजेला येते, आणि खुज्या मुलाला ‘घराण्याप्रमाणे ठीक’ असा शेरा मिळतो. उपासमार एका पिढीतच आनुवंशिक दिसायला लागते.

नवी मुंबई-ठाण्याला याहून जवळचं उदाहरण चष्म्याचं. लघुदृष्टी, म्हणजे आपण ज्याला मायनस नंबर म्हणतो ती, जुळ्यांच्या अभ्यासांत भरपूर आनुवंशिक दिसते. आईवडील दोघांना चष्मा असला की मुलालाही लागायची शक्यता वाढते, हे खरंच आहे. आता २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. सिडनी आणि सिंगापूरमधली सहा-सात वर्षांची, दोन्हीकडे चिनी वंशाचीच मुलं. आईवडिलांतल्या किमान एकाला लघुदृष्टी असण्याचं प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखं. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना मायनस नंबर होता, सिडनीत ३.३ टक्के. सिडनीची मुलं वाचत कमी होती म्हणावं तर तसंही नाही, ती उलट आठवड्याला जास्त पुस्तकं वाचत होती. ठळक फरक होता तो घराबाहेर घालवलेल्या वेळेत: सिडनीत आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास, सिंगापूरमध्ये तीन. कारणाचा माग असा लागतो. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, उघड्यावर दहा हजारांच्या पुढे. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि नेत्रगोलाची लांबी वाढण्याचा वेग आटोक्यात राहतो. उजेड कमी पडला की गोल लांबट होत जातो, प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते आणि नंबर लागतो. चीनमध्ये ग्वांगझूच्या बारा शाळा घेऊन याची चाचणी झाली. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मैदानावर काढलं. तीन वर्षांनी तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, उरलेल्या सहा शाळांत ३९.५ टक्के.

फायदा मोठा नाही, चमत्कार तर नाहीच, आणि एकदा लागलेला नंबर मैदानावर गेल्याने उतरत नाही. उपाय आहे तो नंबर लागण्याआधीचा. पण या एका उदाहरणात वादाचं बरंचसं भांडवल संपतं. लघुदृष्टी आनुवंशिक आहे का? हो. ती मैदानावर कमी होते का? हो. या दोन उत्तरांत विरोध दिसत असेल तर दोष आपल्या मनातल्या ‘आनुवंशिक’चा. सिडकोने १९७० पासून नवी मुंबई वसवताना सेक्टरासेक्टरात मोकळ्या जागा आखल्या. त्यांतला प्रत्येक भूखंड कुणाच्या घशात जातो आणि नव्या टॉवरचं ‘मैदान’ पार्किंगच्या छतावरच्या पोडियमवर किती उरतं, हे मुलांच्या डोळ्यांचेही प्रश्न आहेत. दुपारी चार ते सहा हा उजेडाचा वेळ क्लासमध्ये आणि सात वाजता ट्यूबलाइटखाली बॅडमिंटन, असं वेळापत्रक असेल तर व्यायाम झाला, उजेड बुडाला.

इथे जाणकार विरोधक थांबवतो: उंची आणि डोळे हे शरीराचे विषय, बुद्धीचं काय? आक्षेप रास्त आहे, आणि पुरावाही इतका सरळ नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांत पाहिलं की सुस्थितीतल्या घरांत बुद्ध्यांकाचा फरक बहुतांश जनुकांशी जुळतो, गरीब घरांत मात्र जनुकांचा वाटा जवळपास शून्यावर येतो. अर्थ असा लावला गेला की पुरेसं अन्न, पुस्तकं, शांत झोप मिळाली की मगच जनुकांतला फरक बाहेर दिसतो. पण नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम अमेरिकेत काही प्रमाणात टिकला, युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. कदाचित तिथे गरिबाच्या शाळेत आणि श्रीमंताच्या शाळेत तेवढी दरी नसेल. तसं असेल तर आनुवंशिकतेचा आकडा जनुकांइतकाच त्या देशाच्या शाळांबद्दल बोलतो.

२०१८ मध्ये आइसलँडमधल्या अभ्यासाने आणखी एक पेच टाकला. प्रत्येक पालकाची निम्मी जनुकं मुलात येतात, निम्मी येत नाहीत. जी मुलात आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला. आलेल्या जनुकांच्या परिणामाच्या सुमारे ३० टक्के एवढा. रक्तातून न आलेली जनुकं शिक्षणावर परिणाम कसा करतील? पालकांच्या वागण्यातून, घरातून. म्हणजे जनुकांच्या खात्यात मांडलेला काही भाग संस्कारांचा निघाला, आणि ते संस्कारही पुन्हा पालकांच्या जनुकांशी जोडलेले. आता टक्केवारी कोणत्या खात्यात लिहायची? सुमारे तीस लाख लोकांच्या जनुकांवरून काढलेला गुणांक माणसामाणसांतल्या शिक्षणाच्या फरकापैकी १२ ते १६ टक्केच सांगू शकतो, तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. भारतीयांना लावला की त्याची अचूकता आणखी घसरते. या पार्श्वभूमीवर थुंकीच्या नळीतून तुमच्या मुलीने आर्किटेक्ट व्हावं की सीए, हे सांगणाऱ्या अहवालाची किंमत काय?

बोटांच्या ठशांचा धंदा त्याहून तकलादू. बोटांवरच्या रेषांवरून मेंदूचे कप्पे, आठ-नऊ प्रकारच्या बुद्धिमत्ता आणि ‘शिकण्याची शैली’ यांचे टक्के काढून देतात आणि सांगतात, हे उपजत आहे, बदलणार नाही. पण त्या रेषा गर्भाच्या दहाव्या ते सतराव्या आठवड्याच्या आसपास घडतात, आणि त्यांचं बारीक वळण गर्भजलाचा दाब, बोटांची वाढ, गर्भातली जागा अशा गोष्टींवरही ठरतं. म्हणूनच जनुकं एकच असलेल्या जुळ्यांचे ठसे वेगळे असतात आणि पोलीस त्यांवर विसंबू शकतात. जे ठसेच पुरते आनुवंशिक नाहीत, त्यांवरून उपजत बुद्धी कशी वाचणार? भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. तरीही असला अहवाल पालकाच्या हातात पडतोच. त्यात ‘गणिती बुद्धिमत्ता ८ टक्के’ लिहिलेलं असेल तर पालकाने तीनच गोष्टी विचाराव्यात: हेच ठसे महिन्याने पुन्हा दिले तर हाच आकडा येतो का, या आकड्यावरून पुढच्या परीक्षेतले गुण ओळखता आल्याचं कुठे तपासलं आहे, आणि ते तपासणारा ही चाचणी विकणाऱ्यांपैकी होता का.

हा सगळा बुद्धिविलास वाटत असेल तर आपल्या इतिहासाकडे पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हे उपजतवादाचं टोक म्हणून सांगितलं जातं, आणि ते आहेच. पण त्याच कायद्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी मुलांना आईवडिलांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली, कारण संगतीने मूल बिघडतं आणि शिस्तीने सुधारतं, यावरही त्याच सरकारचा विश्वास होता. काटेरी कुंपणाच्या आत टाकताना रक्ताची भाषा, मूल हिसकावताना संस्कारांची. कोणतंही तत्त्वज्ञान त्या माणसांच्या बाजूने उभं राहिलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. त्या जमातींतल्या पारध्यांकडे पाहण्याची पोलिसांची आणि शेजाऱ्यांची नजर त्या तारखेला बदलली नाही. गुन्हेगारी किती टक्के जनुकीय, हे ठरल्याने यातलं काय सुधारलं असतं?

आता उलट बाजू. परिस्थितीने केलेलं परिस्थितीने निस्तरता येतं, ही समजूतही तपासू. रुमानियातल्या अनाथालयांत मुलांना अन्न-वस्त्र मिळायचं, जिव्हाळ्याचं एक माणूस मिळायचं नाही. बुखारेस्टमध्ये २००० नंतर १३६ लहान मुलांच्या चिठ्ठ्या टाकून निम्मी प्रशिक्षित पालककुटुंबांत दिली गेली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेतीन वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ७७ च्या आसपास होता, कुटुंबांत गेलेल्यांचा ८६ च्या आसपास, कधीच संस्थेत न राहिलेल्यांचा शंभरावर. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला, पण तीही शंभरीवाल्यांच्या बरोबरीला आली नाहीत. यात सदोष जनुक कुठलं? आणि तरीही नुकसान पुसलं गेलं नाही. शिशाचंही तसंच. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधी ज्यांनी लहानपणी तो धूर श्वासात घेतला, त्यांच्या मेंदूवरचा परिणाम हवा स्वच्छ झाल्याने मागे फिरलेला नाही.

वेळेवर, नेमकं आणि पुरेसं काही केलं तर काय होतं, हेही माहीत आहे. जमैकात किंग्स्टनच्या १२९ खुज्या मुलांपैकी काहींच्या घरी, ती ९ ते २४ महिन्यांची असताना, आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी बोलायला, खेळायला शिकवत. वीस वर्षांनी ही मुलं कमवायला लागली तेव्हा त्यांची कमाई अशा भेटी न मिळालेल्या खुज्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. आपल्या अंगणवाडीताई हे करू शकतात, पण पोषण आहार, वजनं, मोबाइलवरच्या नोंदी आणि सर्वेक्षणं यांतून दर आठवड्याचा तो तास उरायला हवा. दोन वर्षांचा कार्यक्रम दोन महिन्यांत आटोपला किंवा ताईऐवजी नुसतं माहितीपत्रक घरी गेलं, तर त्या निकालाची अपेक्षा धरू नये.

सुरुवातीला म्हटलेला ताटातल्या अन्नाने सावरणारा आजार म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया. शरीरात प्रथिनांतलं फिनाइलअॅलनिन पचवणारं एन्झाइम जनुकदोषामुळे नीट काम करत नाही, ते द्रव्य साठून मेंदू खराब होतो. नॉर्वेच्या आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये आजार ओळखला, १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल यांनी ते द्रव्य कमी असलेला आहार देऊन मूल सुधारताना दाखवलं. पण आपल्या प्रसूतिगृहांसाठी जास्त मोलाचा आहे तो जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेचा आजार. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला तो असतो. बहुतेक बाळांत तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि संस्कारांचा तर प्रश्नच नाही. ग्रंथी गर्भात नीट घडलेलीच नसते. आपल्या वादातल्या दोन्ही गटांकडे याला जागा नाही. जन्मल्यावर बाळ छान दिसतं, झोपाळू असतं, फार रडत नाही म्हणून कौतुकही होतं, आणि तेवढ्यात मेंदूचे महत्त्वाचे आठवडे निघून जातात.

उपाय स्वस्त आहे. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांनी टाचेतून रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचा, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) तपासायचं, आणि दोष पक्का झाला की पंधरवड्याच्या आत थायरॉक्सिन सुरू करायचं, रोज दर किलो वजनामागे १० ते १५ मायक्रोग्रॅम. गोळी चुरून आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यायची, लोह-कॅल्शियमच्या औषधासोबत नाही. चुकतं ते ठरलेल्या जागी. आईला चोवीस तासांत घरी सोडायचं म्हणून रक्त लवकर घेतलं जातं, आणि जन्मानंतर टीएसएच आपोआप उसळलेलं असल्याने दोष नसतानाही दोष दाखवणारे खोटे अहवाल येतात. थेंब वर्तुळ भरत नाही, किंवा पावसाळ्यात कागद नीट न सुकवता पाकिटात जातो. किंवा अहवाल येतो तेव्हा बाळ आजोळी गेलेलं असतं आणि फोन लागत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या प्रसूतिगृहांबद्दल दर महिन्याला तीन आकडे फलकावर लावावेत: किती बाळं जन्मली आणि त्यांतल्या किती जणांच्या टाचेतून रक्त ४८ तासांनंतर घेतलं, किती अहवाल सात दिवसांत परत आले, आणि दोष निघालेल्यांपैकी किती बाळांना पंधराव्या दिवसाआधी पहिली गोळी मिळाली. खाजगी रुग्णालयात प्रसूती असेल तर डिस्चार्ज कार्डावर टीएसएचची तारीख आणि वेळ लिहिली आहे का, ते घरच्यांनी बिल भरण्याआधी पाहावं.